अर्ध्या भाराची चैन

कॉम्प्युटरच्या डब्यात, मागच्या कोपऱ्यात, एक जड पेटी बसवलेली असते. बाजारात तिला एसएमपीएस म्हणतात आणि खरेदीच्या यादीत ती नेहमी शेवटची. प्रोसेसरवर आठवडाभर खल होतो, ग्राफिक्स कार्डासाठी हप्ते बांधून घ्यायची तयारी असते आणि मग उरल्यासुरल्या पैशांत, "एक एसएमपीएसपण टाका." लग्नघरात कोठीच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस असतो ना, तशी तिची गत. एकाही फोटोत तो दिसत नाही. पण ऐन पंगतीत त्याने हात वर केले, की व्याह्यांपर्यंत सगळ्यांची पंचाईत.

भिंतीतून येणारे 230 व्होल्ट घ्यायचे आणि त्यांचे 12, 5 आणि 3.3 व्होल्ट करून ज्याचे त्याला पोचवायचे, एवढंच हिचं काम. त्यात थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. ती किती जाते यावरून '80 प्लस'चे बिल्ले मिळतात. 2004 साली ही पद्धत सुरू झाली तेव्हा अट साधी होती: 20, 50 आणि 100 टक्के भारावर किमान 80 टक्के कार्यक्षमता. पुढे त्यात ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आल्या. गोल्डच्या मूळ निकषांत निम्म्या भारावर 90 टक्के मागितले जातात, पूर्ण भारावर 87 चालतात. म्हणजे अर्ध्या ताकदीने काम केलं तर गुण जास्त! अर्ध्या भारावर उत्तम चालणारी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली, पण त्यांना कुणी सोन्याचा बिल्ला दिल्याचं ऐकिवात नाही.

माझा भाचा या निम्म्याच्या पंथातला. त्याने कागदावर मांडलं: आरटीएक्स 3060 चे 170 वॅट, प्रोसेसरचे 76, मदरबोर्ड, पंखे, डिस्क वगैरे मिळून पन्नासेक, म्हणजे 300. "मामा, दुप्पट 600. म्हणून 650 चा घेऊ." हिशोब चोख होता, फक्त कारण चुकीचं. 300 वॅट पुरवताना 90 ऐवजी 87 टक्के पडले, तर भिंतीतून 12 वॅट जास्त ओढले जातात. रोज 4 तास खेळला तरी वर्षाला सतरा-अठरा युनिटं. दोन मिसळींचे पैसे. त्यासाठी दीड हजार जास्त मोजले, तर ते वसूल होईपर्यंत भाच्याचं लग्न होईल.

पण तरी मोठाच घ्यावा, या मताचा मी आहे. भार कमी असला की पेटी कमी तापते, पंखा बोंबलत नाही आणि आतले कपॅसिटर दीर्घायुषी होतात. तापमान 10 अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ठोकताळा आहे. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते, तिथे हे ध्यानात ठेवलेलं बरं. शिवाय ग्राफिक्स कार्डं हावरट. लेबलवर 170 लिहून मध्येच डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याहून बरंच जास्त मागून बसतात. 2022 च्या एटीएक्स 3.0 मानकात तर मोठ्या पुरवठ्यांनी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता दुप्पट भार सोसावा, असंच लिहून ठेवलंय. काठोकाठ भरलेली साधी पेटी अशा वेळी सरळ बंद पडते. तीही खेळ रंगात आला असताना.

लॅमिंग्टन रोडवर दुकानदार खोक्यावरचा मोठा आकडा दाखवतो. आपण पेटी उलटी करून लेबल वाचावं. ठळक 450 च्या खाली, बारीक अक्षरांत, 12 व्होल्टच्या रकान्यात कधी 16 अँपिअर सापडतात. बारा सोळे एकशे ब्याण्णव. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जेवणार त्याच रकान्यातून. बाकीचे वॅट कागदावर शोभेला. "साहेब, सगळे हाच नेतात," असं दुकानदार म्हणतो, आणि त्यात खोटं काही नसतं.

निम्म्याचं हे सूत्रही भाच्याच्या यंत्राला फार वेळ लागू होत नाहीच. खेळ नसेल तेव्हा ते पन्नास-साठ वॅटवर गप्प पडून असतं. 650 च्या मानाने हा भार दहा टक्केही नाही. 1981 च्या आयबीएम पीसीचा सगळा वीजपुरवठा साडेत्रेसष्ट वॅटचा होता. तेवढ्यात त्या काळी कचेऱ्यांचे हिशोब होत. आज तेवढी वीज नुसता डेस्कटॉपवरचा डोंगर दाखवायला जाते.

हे सगळं ताडून पाहायला भाच्याने प्लगमध्ये लावायचा एक छोटा वॅटमीटर आणला. लेखन-वाचन चालू असलं की 60, खेळ चालू असला की 300 च्या वर, हे त्याने कौतुकाने आईला समजावून सांगितलं. आता दार लोटून "अभ्यास चाललाय" असं आतून ऐकू आलं, की माझी बहीण काही बोलत नाही. मीटर एक्स्टेन्शन बोर्डावर आहे आणि बोर्ड दाराबाहेर आहे.