छत्तीस गुणांचा कॅमेरा

२१ सप्टेंबर २०११ रोजी निकॉनने ‘वन’ नावाची लेन्स बदलता येणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांची मालिका जाहीर केली आणि जगभरच्या हौशी छायाचित्रकारांनी हातातली कामे टाकून फूटपट्ट्या काढल्या. कॅमेरा अजून दुकानात आला नव्हता. त्यातून काढलेला फोटो बहुतेकांनी पाहिला नव्हता, आणि तशी गरजही कुणाला वाटली नाही. सेन्सरचा आकार कळला होता: १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर. निकाल द्यायला तेवढे पुरे होते.

स्थळ पाहायच्या आधी पत्रिका मागवणाऱ्यांना हा प्रकार लगेच समजेल. पत्रिकेचे गुण छत्तीस, आणि फुल फ्रेम सेन्सरची रुंदीही ३६ मिलिमीटर. या हिशेबाने निकॉन वनला पडले तेरा. अठराच्या खाली गेले की गुरुजी मान हलवतात. निकॉनच्याच साध्या डीएसएलआरमधल्या एपीएस-सी सेन्सरला साडेतेवीस, म्हणजे बोलणी पुढे न्यायला हरकत नाही. ऑलिंपस आणि पॅनासोनिकच्या मायक्रो फोर थर्ड्सला सतरा. मुलगा परदेशात असेल तर खपवून घ्यावेत, एवढे. पेंटॅक्सने त्याच वर्षी जूनमध्ये ‘क्यू’ नावाचा चिमुकला कॅमेरा आणला होता. त्याला पडले सहा. तिथे गुरुजींनी पंचांगच मिटले.

खरे तर ही मागणी हौशी मंडळींचीच. डीएसएलआर जड होतो, मान दुखते, आतला आरसा काढा, कॅमेरा छोटा करा, पण लेन्स मात्र बदलता आली पाहिजे, असा धोशा त्यांनी कित्येक वर्षे लावला होता. ऑगस्ट २००८ मध्ये ऑलिंपस आणि पॅनासोनिकने आरसा काढला. २०१० मध्ये सॅमसंगने एनएक्स १० आणला, त्यापाठोपाठ सोनीने नेक्स. कुणीही आले की मंडळी म्हणत, ‘निकॉन काय करतंय बघू, मग ठरवू.’ निकॉन आले आणि मंडळींनी ठरवले की आता सोनी काय करतंय ते बघावे.

सोनीने ऑगस्ट २०११ मध्ये नेक्स-७ जाहीर केला होता, २४ मेगापिक्सेलचा. त्याच्यावर सगळ्यांचे डोळे लागले. ऑक्टोबरमध्ये थायलंडात महापूर आला, अयुत्थयाचे कारखाने पाण्याखाली गेले, त्या वर्षीच्या पुरात शेकडो माणसे दगावली. हौशी जगात बातमी पोहोचली ती अशी: नेक्स-७ लांबला.

तर, निकॉन वनची छाननी. तिथे पहिला मान गणितज्ञांचा. सेन्सर छोटा असल्याने २.७ ने गुणायचे, हे त्यांनी सगळ्यांना समजावले. १० मिलिमीटरची लेन्स २७ सारखी दिसणार. इथवर कुणाचीच तक्रार नव्हती. पण मग छिद्रही गुणायचे, म्हणजे एफ २.८ च्या लेन्समधून पार्श्वभूमी धूसर होणार ती फुल फ्रेमवरच्या एफ ७.६ इतकीच. ही आकडेमोड बरोबर आहे, तिच्यावर वाद नाही. मात्र ती मांडताना जो गहिवर येतो तो पाहण्यासारखा असतो. ज्यांच्या फोटोंत गेली दहा वर्षे बाल्कनीतली तीच जास्वंदीची कुंडी आहे, त्यांना ती कुंडी नेमकी किती धूसर व्हायला हवी याबद्दल कमालीच्या ठाम अपेक्षा असतात.

‘फुल’ म्हणजे पूर्ण, त्याखालचे सगळे अपूर्ण, असे मानणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यातल्या ऑस्कर बारनाकने सिनेमाच्या फिल्मवर २४ गुणिले ३६ मिलिमीटरची चौकट बसवली, आणि १९२५ च्या लाइपझिगच्या वसंत जत्रेत लायका लोकांसमोर आला. काचेच्या मोठ्या प्लेटांवर काम करणाऱ्या तेव्हाच्या जाणत्यांना ही चौकट टपाल तिकिटासारखी चिमुकली वाटली. एवढ्याशा निगेटिव्हवरून मोठा फोटो होणार तरी कसा? पुढे त्याच चौकटीने युद्धे, मिरवणुका आणि पॅरिसचे रस्ते टिपले. आज तीच चौकट ‘पूर्ण’ म्हणून मिरवते आणि इतरांना चिमुकले म्हणते.

पत्रिकेनंतर रूपगुण. ‘वन’चे दोन कॅमेरे होते. व्ही वनमध्ये डोळा लावायला व्ह्यूफाइंडर होता; जे वनमध्ये तो नव्हता, पण तो पाच रंगांत मिळत होता आणि त्यातला एक गुलाबी होता. गुलाबी कॅमेरा दिसल्यावर गंभीर छायाचित्रकारांच्या मनाची जी अवस्था झाली तिचे वर्णन न केलेले बरे. मोड बदलायच्या चकतीवर शटर किंवा छिद्र प्राधान्याची अक्षरे नव्हती. त्यासाठी मेन्यूत शिरावे लागे. इथे हौशी मंडळींची तक्रार रास्त होती. नव्वद टक्के वेळ ते ‘ऑटो’च वापरतात हे खरे, पण तो ‘ऑटो’ चकती फिरवून, स्वतःच्या मर्जीने निवडलेला असतो.

चकतीवर अक्षरांऐवजी होत्या त्या दोन गमती. एकीत शटर दाबायच्या आधीपासून कॅमेरा वीस चित्रे टिपून त्यातली पाच बरी निवडून ठेवी. कॅमेरा स्वतःच निवड करणार? मग आम्ही कशाला? असा सवाल आला, आणि तो विचारणाऱ्यांच्या हार्ड डिस्कवर न निवडलेल्या चित्रांचे ढीग होते. दुसरीत एका फोटोबरोबर सेकंदभराची हलती दृश्ये जोडून, त्यांना मंद संगीत लावून दाखवले जाई. हिला पोरखेळ ठरवण्यात आले. २०१५ मध्ये ॲपलने आयफोन ६एसमध्ये ‘लाइव्ह फोटो’ आणले, तेव्हा तोच पोरखेळ नातवंडांच्या कौतुकासाठी घराघरांत पोहोचला.

आणि जे वनचे शटर! त्यात हलणारे यांत्रिक शटरच नव्हते, सगळा कारभार इलेक्ट्रॉनिक. आवाज नाही, खटका नाही. खटका नाही म्हणजे कॅमेरा नाही, असे म्हणणारे निघाले. तांत्रिक आक्षेप मात्र खरे होते: फ्लॅश जास्तीत जास्त १/६० सेकंदाला जुळे, आणि वेगाने धावणारी वस्तू फोटोत तिरकी होई. पण हा २३४ ग्रॅमचा, लेन्ससह ६५० डॉलरांचा कॅमेरा फोकस जुळवत सेकंदाला दहा चित्रे काढी. फोकस पहिल्या चित्राला बांधून ठेवला तर साठ. निकॉनचा तेव्हाचा पाच हजार डॉलरांहून महाग डी३एस पूर्ण चौकटीत नऊ काढत असे. हा आकडा कुणाच्याच फूटपट्टीवर नव्हता.

ऑक्टोबर २०२१ मध्ये निकॉनने झेड ९ आणला. किंमत साडेपाच हजार डॉलर. त्यात यांत्रिक शटर नाही. त्याचा सेन्सर कितीतरी जास्त वेगाने वाचला जातो, म्हणून जुने दोष त्यात राहिले नाहीत, हे खरेच. पण खटका नसलेल्या या कॅमेऱ्याला हौशी जगाने क्रांती म्हटले. २०२२ च्या एप्रिलमध्ये फर्मवेअर बदलून त्यात शटर दाबायच्या आधीची चित्रे टिपायची सोय आली, तेव्हा तिलाही. गुलाबी रंग मात्र ठेवला नव्हता.

निकॉनची बाजू घ्यावी असेही नाही. जे वनच्या जवळपास त्याच पैशांत त्यांचाच डी३१०० मिळत होता, मोठ्या सेन्सरचा. आपल्या डीएसएलआरचे गिऱ्हाईक तुटू नये म्हणून निकॉनने ‘वन’ला मुद्दाम छोटे ठेवले, अशी शंका तेव्हा सर्रास बोलली गेली, आणि ती निराधार वाटत नाही. कमी उजेडात सेन्सर दमतो ही तक्रारही अनुभवाची होती. लेन्सा रडतखडत आल्या. हौशी म्हणत, लेन्सा नाहीत म्हणून घेत नाही. कंपनीच्या बाजूने पाहिले तर घेत नाहीत म्हणून लेन्सा नाहीत. पक्षी टिपणाऱ्या काही मंडळींनी मात्र गुपचूप ७०-३०० ची लेन्स लावली आणि ८१० मिलिमीटरची पोच खांद्याला लटकवून हिंडू लागले. ते वादात फारसे दिसले नाहीत. पक्षी पहाटे निघतात.

मग गंमत झाली. ९०० डॉलरांना आलेला व्ही वन वर्ष-दीड वर्षात निम्म्याहून खाली उतरला आणि छोट्या सेन्सरचा धिक्कार करणाऱ्यांच्या रांगा लागल्या. सेन्सर तेवढाच होता. आता तो ‘त्या पैशांत उत्तम’ होता. मुंबईत बोरा बझारच्या दुकानदारांना हे गिऱ्हाईक वेगळे ओळखावे लागत नाही. ते भाव विचारते, शटर दोनदा उडवून बघते, ‘पुढच्या मॉडेलचं काय ऐकू येतंय?’ म्हणून चौकशी करते आणि चामड्याचा पट्टा विकत घेऊन घरी जाते.

दरम्यान स्थळे एकेक करून बाजारातून उठली. सॅमसंगने कॅमेऱ्यांचा नाद सोडला. पेंटॅक्स क्यूचे नवे मॉडेल २०१४ नंतर आले नाही. ऑलिंपसने आपला कॅमेरा विभाग विकून टाकला. कॅननचा ईओएस एम २०२३ पर्यंत तगला. निकॉन वन २०१८ च्या जुलैत बंद झाल्याचे जाहीर झाले आणि पुढच्याच महिन्यात फुल फ्रेमचे झेड ६ आणि झेड ७ आले. निकॉनने जुन्या एफ माउंटच्या लेन्सांसाठी अडॅप्टर दिला. ‘वन’च्या लेन्सांसाठी दिला नाही.

झेडमध्ये सेन्सर पूर्ण होता, आरसा नव्हता, अंगही आटोपशीर होते. वर्षानुवर्षे मागितलेले सगळे आले. फक्त मेमरी कार्डाची खाच एकच होती, आणि हौशी जगाने ती मोजली. २०२० च्या ऑक्टोबरात दोन खाचांची नवी आवृत्ती आली. तोवर तिचा पडदा नुसताच वर-खाली वळतो, बाजूला उघडत नाही, हे लक्षात आले होते.