शहर सायकलस्नेही करण्याची खात्रीशीर पद्धत

धड महानगर झाले नाही आणि गावही उरले नाही, अशा नाशिकसारख्या शहरात सायकल व पायी चालणे यांना प्रोत्साहन द्यायचे असल्यास पुढील क्रम पाळावा. क्रम चुकल्यास लोक खरोखरच चालू लागण्याचा धोका संभवतो.

१. आधी फेरी काढावी. वार रविवार, वेळ पहाटेची. टी-शर्ट, केळी आणि झेंडा दाखवणारे पाहुणे यांची सोय करावी. पाहुण्यांच्या मोटारींसाठी जागा राखून ठेवावी. हँडलला डबा अडकवून सातपूर-अंबडला पहिल्या पाळीला जाणाऱ्या कामगाराला बोलावू नये. तो रोजच सायकल चालवतो. त्याला कसले प्रोत्साहन द्यायचे?

२. अभिमान बाळगावा. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. भाषणात हा दाखला अवश्य द्यावा. मात्र त्यांच्याच शहरात द्वारका चौक सायकलवरून कसा ओलांडायचा, हा प्रश्न कोणी विचारण्याआधी आभारप्रदर्शन उरकावे.

३. एक नमुन्याचा रस्ता करावा. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा ‘स्मार्ट रोड’ यासाठी आदर्श आहे. लांबी १.१ किलोमीटर, म्हणजे सायकलस्वाराला दम लागण्याआधीच सायकल मार्ग संपतो. पुढे त्याने कोठे जावे, हा त्याचा खासगी प्रश्न समजावा. मार्गावर मोटारी उभ्या राहिल्यास विचलित होऊ नये. मार्ग वापरात असल्याची ती खूणच आहे.

४. पदपथ मापात बांधावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी. मोजताना विजेची डीपी, झाड, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक आणि भेळेची गाडी यांची रुंदी त्यात धरावी, वजा करू नये. उंची अशी ठेवावी की आजींना चढता येणार नाही, आणि उतार असा द्यावा की दुचाकी सहज चढेल.

५. रस्ता ओलांडणाऱ्यास जमिनीखाली पाठवावे. सिग्नलची वेळ वाढवली तर गाड्या खोळंबतात. माणूस मात्र जिने उतरून-चढून जाऊ शकतो. द्वारकेला पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधलेला आहे. लोक त्याकडे फिरकत नाहीत, याचे कारण शोधत बसू नये. ‘नागरिकांत शिस्त नाही’ एवढा शेरा पुरतो.

६. धोरणाचा आदर करावा. रस्त्यांचा विचार वाहनांसाठी नव्हे, माणसांसाठी करावा, असे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६ पासून सांगते. हे सादरीकरणाच्या पहिल्या स्लाइडवर घ्यावे. दुसऱ्या स्लाइडवर उड्डाणपूल घ्यावा.

७. विशेष दक्षता. नाशिककरांना चालता येत नाही, या समजुतीवर वरील सर्व योजना उभी आहे आणि तिला इथे वारंवार तडे जातात. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी पायी पंढरपूर गाठते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीला फेरी घालायला माणसे लोटतात. चैत्रात सप्तशृंग गडाची वाट पायी जाणाऱ्यांनी भरलेली असते. २०१५ च्या सिंहस्थात तर प्रशासनाने स्वतःच पर्वणीला गाड्या बाहेरच्या वाहनतळांवर थांबवल्या आणि लाखो भाविक रामकुंडाकडे चालत गेले. रस्ता दिला की माणसे चालतात, हे सरकारी खर्चाने सिद्ध झाले. म्हणून पर्वणी आटोपताच गाड्या लगेच आत घ्याव्यात, म्हणजे कोणाच्या काही लक्षात येत नाही.

२०२७ मध्ये पुन्हा सिंहस्थ आहे. तेव्हाही लोक चालतील. ते चालणे पुण्याच्या खात्यात जमा करावे. चुकून नियोजनाच्या खात्यात गेले, तर उद्या कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही लोक रस्ता मागतील.