अ‍ॅव्हरेजवाले काकाजी

नागपूरच्या प्रताप नगरात कोणाकडे नवी गाडी आली की पेढ्यांच्या आधी काकाजी फाटकात हजर. रंग पाहणार नाहीत, किंमत विचारणार नाहीत. "ते जाऊ द्या भाऊ, देते किती?" शेजाऱ्यानं मोठ्या हौसेनं एसयूव्ही घेतली आणि "बारा-तेरा" म्हणाला, तर काकाजींनी हळहळून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

काकाजींची स्वतःची अल्टो के-टेन. कागदावर लिटरला २४ च्या वर. एरवी पुण्याहून आलेल्या कोणत्याही गोष्टीवर ते अस्सल नागपुरी संशय घेतात, पण पुण्याच्या 'एआरएआय' या गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचं नाव लागलेला आकडा म्हणजे वेदवाक्य. ही चाचणी रोलरवर, एसी बंद ठेवून होते, तिथे ना माटे चौक ना रिंग रोडचे सिग्नल, हे मी समजावून पाहिलं. "म्हणजे एसीच बंद ठेवाचा ना!" त्यांनी नेमकं तेवढंच उचललं. तेव्हापासून मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, काकू डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून मागच्या सीटवर बसतात.

पेट्रोल सकाळी सहालाच भरायचं, कारण थंड पेट्रोल जास्त मिळतं म्हणे. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिला सकाळ-दुपार फारशी कळत नाही. पण काकाजींना कोण सांगणार? मध्यंतरी सीएनजी किट बसवायचं मनात होतं. तेवढ्यात २०२२ मध्ये नागपुरात सीएनजी किलोला १२० रुपयांवर गेला आणि काकाजी आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत.

आता खरा हिशोब. त्यांची गाडी महिन्याला फिरते जेमतेम ३०० किलोमीटर: खामल्याचा भाजीबाजार, बँक, एखादं लग्न. शहरात ती २० देते असं धरलं, तर १५ देणाऱ्या मोठ्या गाडीपेक्षा वाचलं ५ लिटर. म्हणजे पाचशेची एक नोट आणि वर थोडी चिल्लर. रोज बुटीबोरीला नोकरीला जाणारा महिन्याला १५०० किलोमीटर तोडतो, त्याचे २५ लिटर वाचतात. छोटी गाडी त्याला पावली म्हणायची. काकाजींची खरी बचत झाली ती शोरूममध्येच, कमी किमतीत आणि कमी विम्यात. पण त्या बचतीची वही ठेवता येत नाही ना!

काकाजींची पेट्रोलची वही मात्र बघण्यासारखी आहे. टाकी फुल ते टाकी फुल, लाल शाईत अ‍ॅव्हरेज. त्यातला विक्रम रामटेकच्या सहलीचा: २५.२. त्या दिवशी गडाचा चढ लागताच काकाजींनी गाडी थांबवली आणि सोबतच्या दोन्ही धिप्पाड मेव्हण्यांना प्रेमानं उतरवलं. "चढावर लोड पडते जी इंजिनवर." मेव्हणे ऑटो करून वर आले.

"मग ऑटोचं भाडं?" मी विचारलं.

"ते त्यायनंच देल्लं," काकाजी वही मिटत म्हणाले, "ते आपल्या गाडीच्या खर्चात काहून धराचं?"