डीपीकाका

"काय हा अवतार!" हे वाक्य मराठी घरात कोणी ऐकलेलं नाही? बनियनवर दार उघडलं, केस विंचरायचे राहिले, की आतून आवाज येतोच. आमच्या सोसायटीतल्या डीपीकाकांना मात्र हे कोणी म्हणत नाही, आणि तेच त्यांचं दुःख आहे.

विष्णूला दहा अवतारांसाठी चार युगं लागतात, कल्की अजून यायचाच आहे. काका व्हॉट्सॲपच्या डीपीवर, म्हणजे प्रोफाइलच्या फोटोत, पाडवा ते गणपती एवढ्यात दहा उरकतात. पाडव्याला गुढी, 1 मेला महाराष्ट्राचा नकाशा, आषाढीला विठोबा, मध्येच एखाद्या मंगळवारी नुसतेच गॉगल लावलेले काका. डीपी गोल असतो ही गोष्ट त्यांना अजून मानवलेली नाही. देवळाचा फोटो लावला की कळस कापला जातो. लग्नाच्या वाढदिवसाला जोडीचा फोटो लावला, त्यात काका मधोमध आणि काकूंचा फक्त खांदा. काकूंनी चष्मा लावून फोन बघितला आणि म्हणाल्या, "अडतीस वर्षं संसार केला, आणि मी गोलाच्या बाहेर!" त्या दिवशी पुरणपोळी झाली नाही.

2022 साली 2 ते 15 ऑगस्ट डीपीवर तिरंगा ठेवा, असं आवाहन झालं. काकांनी पहिल्या मिनिटाला लावला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीचा डीपी एकच झाला आणि काका कासावीस झाले. देशभक्ती ठीक, पण आता आपण ओळखू कसे येणार? दुसऱ्या दिवशी त्यांच्या तिरंग्याच्या कोपऱ्यात सॅल्यूट ठोकणारे इवलेसे काका उगवले.

ही अवतार बदलायची खोड जुनी आहे. व्हॉट्सॲपच्या आधी ते एका मराठी संकेतस्थळावर 'घायाळ गरुड' या नावानं कविता टाकत. 'मनमोकळी' नावाची कोणी बाई दर कवितेखाली "डोळे पाणावले" असं लिहायची. गरुड आणि मनमोकळी दोघंही 'आणि' दीर्घ लिहितात, हे एका खवट वाचकानं दाखवून दिलं. 'डुआयडी, डुआयडी' (म्हणजे एकाच माणसाची दोन खाती) असा गिल्ला झाला आणि गरुड उडाला. मनमोकळीही त्याच दिवशी गेली.

त्याच 2022 च्या डिसेंबरात व्हॉट्सॲपनं स्वतःचा अवतार घडवायची सोय दिली. केस, नाक, कपडे, सगळं आपल्या मर्जीनं. (शब्द आपलाच, साहेबानं 1985 च्या सुमारास कॉम्प्युटर गेममध्ये नेला आणि आता आपल्यालाच परत विकतोय.) काकांनी दोन तास खपून अवतार केला. दाट कुरळे केस, निळं जाकीट. चष्मा तेवढा खरा ठेवला. काकूंनी विचारलं, "हा कोण? तुमच्या बहिणीचा धाकटा का?"

काकांची खरी व्यथा तांत्रिक आहे. आपण डीपी बदलला तर व्हॉट्सॲप कोणाला कळवत नाही. ग्रुपचं चित्र बदललं, की मात्र कोणी बदललं ते नावानिशी सगळ्यांना दिसतं. हा शोध लागल्यावर काकांनी एका रविवारी सोसायटीच्या ग्रुपचं चित्र पाच वेळा बदललं. सेक्रेटरींनी रात्री तो हक्क फक्त ॲडमिनला ठेवला. तेव्हापासून काका पायऱ्यांवर उभे राहून विचारतात, "काही पाहिलंत का सकाळपासून?" आणि कोणाचा डीपी जाऊन करडी आकृती दिसली, की लगेच फोन, "मला ब्लॉक केलंत का हो?"

गेल्या सर्वपित्रीला त्यांनी वडिलांचा फोटो लावला. काळा-पांढरा, हार घातलेला. बाप-लेकाचं नाक एक, टक्कल एक, चष्म्याची काडीसुद्धा त्याच वळणाची. जेवून काका आडवे झाले, फोन चार्जिंगला. दुपारी दोनला तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी ग्रुपवर लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली." पुढं काय विचारता! चारपर्यंत सदतीस जणांनी हात जोडले. एकानं "दिलखुलास माणूस हरपला" लिहिलं. ज्यांनी काकांच्या 'शुभ सकाळ'ला कधी अंगठासुद्धा दिला नाही, त्यांनी परिच्छेद लिहिले. खजिनदारांनी "दोन महिन्यांचा मेंटेनन्स बाकी आहे, पण आता विषय नको" असं मोठ्या मनानं कळवलं.

साडेचारला कमिटी हार घेऊन गेली. दार काकांनीच उघडलं, बनियनवर, केस विस्कटलेले. म्हणजे होते तेवढे. सेक्रेटरींच्या हातातून हार पडला. काकांनी भानगड समजून घेतली, चष्मा लावला, सोफ्यावर बसून सदतीस मेसेज सावकाश वाचले. मग प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं, "आभारी आहे." शेवटी मान वर करून विचारलं, "म्हणजे डीपी दिसतो तुम्हाला?"

तो फोटो त्यांनी दिवाळीपर्यंत काढला नाही. आज सकाळी नवा लावलाय, हातात पोपट आहे. तुमच्याही सोसायटीत असे काका असतीलच. जिना उतरायच्या आधी एक अंगठा टाकून ठेवा, खाली विचारतील.