भुरभुरीत बर्फाचे कारभारी

प्रत्येक मोठ्या मराठी कुटुंबात असा एक गृहस्थ असतोच, की ज्याला प्रवासापेक्षा प्रवासाचा बंदोबस्त अधिक प्रिय असतो. आणि महाबळेश्वर, उटी, चारधाम अशी क्रमाक्रमाने पदोन्नती घेत त्याने अखेर गुलमर्गच्या बर्फावर नजर रोखली, की पुढील सहा महिने आपण रयत आहोत हे घरच्यांनी मुकाट्याने कबूल करावे, हेच श्रेयस्कर. हा गृहस्थ बहुधा थोरला काका असतो आणि बहुधा सरकारी खात्यातून सेवानिवृत्त झालेला असतो. निरोपाच्या समारंभात मिळालेली शाल तो कपाटात ठेवतो, आणि त्याच कपाटातून लाल फितीची एक कोरी फाइल बाहेर काढतो.

सामान्य मनुष्याच्या लेखी बर्फ म्हणजे बर्फ. काकांच्या लेखी तो प्रतवारी लावण्याचा माल आहे. शून्याच्या पुष्कळ खाली उतरलेल्या थंडीत पडलेला, आणि उन्हाने किंवा वाऱ्याने अद्याप न नासवलेला जो कोरडा, हलका, भुरभुरीत बर्फ, ज्याला जाणकार ‘पावडर’ म्हणतात, तोच तेवढा अव्वल दर्जाचा. बाकीचा म्हणजे मोटारीच्या चाकांखाली चिखल होऊन पडतो तो. अशा पावडरीसाठी हौशी स्कीपटू जपानच्या होक्काइडो बेटावर जातात, जेथे सैबेरियाकडून येणारा वारा वाटेतल्या समुद्राचे बाष्प उचलून डोंगरांवर आणून ओततो. किंवा मग काश्मिरात गुलमर्गच्या डोक्यावरील अफरवत पर्वताच्या उतारांवर येतात. पैकी होक्काइडोची दरखास्त विमानभाड्याचा आकडा पाहताक्षणी दफ्तरी दाखल झाली, आणि गुलमर्ग मुक्रर झाले.

येथे एक बाब नमूद करणे अगत्याचे आहे, ती अशी की, या कुटुंबातील एकाही माणसाने आजवर पायाला स्की बांधलेली नाही. आजींचे दोन्ही गुडघे जिना पाहूनच कुरकुरतात; आणि जावईबापू स्वित्झर्लंडला टिटलिसच्या फिरत्या पाळण्यात बसून आल्यापासून हिमविषयक सर्व प्रश्नांवर अंतिम मत देत असले, तरी तेथेही त्यांचा प्रत्यक्ष बर्फाशी संबंध छायाचित्रापुरताच आला होता. पुतण्या अभियंता असल्यामुळे त्याने नकाशा पुढे ठेवून नम्रपणे निवेदन केले, की गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे, तेथून गोंडोलाचा, म्हणजे रज्जुमार्गाचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा टप्पा थेट ४,००० मीटरच्या जवळपास पोहोचतो. काकांना हवी असलेली पावडर आहे ती त्या वरच्या टप्प्याच्या बाजूंना, जेथे हिमस्खलनाचे भय असल्यामुळे माणसे वाटाड्या, फावडे आणि गाडले गेल्यास माग लावणारे यंत्र घेऊन उतरतात. नवशिक्यांना मात्र खाली सपाट मैदानाशेजारच्या सौम्य उतारावर, दहा जणांनी आधीच तुडवलेल्या बर्फात धडे मिळतात. काकांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणून काय आपण निकृष्ट बर्फाशेजारी उतरायचं?” या प्रश्नाला अभियांत्रिकीत उत्तर नाही.

त्यानंतर तारखांचे प्रकरण निघाले. काश्मिरी लोकांनी थंडीचेही पंचांग करून ठेवले आहे, हे कळल्या दिवशी काकांना जो आनंद झाला तो नातू झाला तेव्हाही झाला नसावा. २१ डिसेंबरपासून ४० दिवसांची ‘चिल्लई कलां’, तिच्यामागून २० दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटी १० दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’: अशी कलां, खुर्द आणि बच्चा यांची रीतसर वाटणी पाहून, निसर्गातही कोणीतरी कर्तव्यदक्ष अव्वल कारकून असला पाहिजे, असे त्यांना वाटले. तथापि हा कारकूनही अधूनमधून रजेवर जातो. जानेवारी २०२४ मध्ये ऐन चिल्लई कलांत गुलमर्गचे मैदान उघडे पडले होते, आणि आलेले प्रवासी वाळलेल्या गवतावर उभे राहून फोटो काढत होते. याचे कारण पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारी ती वादळे, वेळेवर आली नाहीत. तेव्हापासून डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून काका रोज सकाळी चहाबरोबर भूमध्य समुद्राची हजेरी घेतात.

दरम्यान कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर परिपत्रके सुटतच होती. बाहेरचे प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मिरात चालत नाही, सबब प्रत्येक शाखेने एक पोस्टपेड क्रमांक बाळगावा. गुलमर्गच्या वाटेवरील टंगमर्गला गमबूट आणि कोट भाड्याने मिळतात, सबब नवे घेऊ नयेत. तेथून पुढील १३ किलोमीटर चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीने जावयाचे असल्याने उलटीची गोळी टंगमर्गपूर्वी घ्यावी. विमानात माणशी १५ किलो सामानाची मर्यादा असल्यामुळे चकल्यांच्या डब्याची रवानगी नामंजूर झाली. त्यावर मावशींनी दोन दिवस अबोला धरला, आणि अखेर मेतकुटावर तह झाला. थर्मल कपड्यांची रंगीत तालीम ऑक्टोबरच्या उकाड्यात झाली. कानटोपी, हातमोजे आणि दोन थरांचे अंतर्वस्त्र घालून अकरा माणसे गच्चीत अर्धा तास फेऱ्या मारीत होती, तेव्हा समोरच्या इमारतीतील एका सज्जनाने फोन करून, आपल्याकडे कसली साथ आली आहे काय, अशी काळजीने पृच्छा केली.

सर्व मंजुऱ्या मिळाल्या होत्या. अशा वेळी सहा वर्षांच्या नातीने विचारले, की आपण बर्फाचा माणूस किती उंच करायचा?

वरकरणी निरुपद्रवी असलेल्या या प्रश्नाने सहा महिन्यांचे दफ्तर हादरले. कारण धाकट्या सूनबाईंनी, आवाजात कसलाही विजय उमटू न देता, वाचून दाखविले की पावडर बर्फाचा माणूस होत नाही. बर्फाचे कण एकमेकांना धरून राहावयाचे तर त्यांच्यात थोडा ओलावा लागतो, हवा शून्याच्या आसपास असावी लागते. कोरडी पावडर मुठीत दाबली तरी सुटून जाते. माणूसच काय, एकमेकांना मारावयाचा साधा गोळादेखील वळता येत नाही. सभा स्तब्ध झाली. आजी जपमाळ खाली ठेवून म्हणाल्या, “अरे, गोळाही वळता येत नसेल तर इतकं लांब जायचं कशाला? भुग्यात लोळायचं, तर डब्यात दोन किलो मैदा पडलाय.”

दुसरा एखादा मनुष्य खचला असता. काकांच्या मुद्रेवर मात्र, निकालात निघालेले प्रकरण फेरतपासणीसाठी परत आल्यावर जे तेज चढते, ते चढले. ओलसर बर्फ हवा तर मार्च उत्तम, परंतु मार्चमध्ये परीक्षा, सबब एप्रिल. एप्रिलमध्ये खालचे मैदान बर्फाला पारखे होऊ लागते, म्हणून हिममानवाचा मुक्काम गोंडोलाच्या टप्प्यावर हलवावा. आणि त्या सुमारास श्रीनगरची ट्युलिप बाग फुललेली सापडल्यास मावशींचे चकलीप्रकरणही निकालात निघेल. पावडरीचा मूळ प्रस्ताव तहकूब झाला; अभियंता पुतण्या त्या रात्री प्रथमच घोरला.

त्याच रात्री गुलमर्गच्या हॉटेलवाल्याला, ज्याच्याकडे काकांचे सहा महिन्यांचे टपाल साठले आहे, नवा खलिता गेला: एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फातील जलांशाचे प्रमाण काय असते, व सहा वर्षांच्या मुलीस गोळा वळता येईल अशी लेखी हमी मिळेल काय? उत्तर एका ओळीचे आले, “साहब, आप आ जाइए, बर्फ भी आ जाएगी.” काकांनी त्यावर ‘खुलासा अपुरा’ असा शेरा मारला आणि स्मरणपत्र धाडले.