नंबर सांगा, पिशवी आहे का?

महिन्याचा पहिला रविवार, संध्याकाळची वेळ, पगार नुकताच जमा झालेला. पुणे असो, ठाणे असो की नाशिक, मोठ्या किराणा मॉलच्या बिलिंग काउंटरवरची मुलगी या वेळी चारच वाक्यं बोलते : ‘मोबाईल नंबर सांगा’, ‘पिशवी आहे का?’, ‘कार्ड की यूपीआय?’ आणि ‘सुट्टे द्या ना’. पाचवं वाक्य तोंडून निघालं तर त्यावरून ती गुणी की उर्मट याचा निकाल त्याच रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लागतो. पहिली चार वाक्यं तिची नसतातच. ती कंपनीने शिकवलेली असतात. पण बोल लावायला कंपनी काउंटरवर उभी नसते, मुलगी असते.

आधी नंबराचं बघू. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना स्पष्ट कळवलं की बिल करण्यासाठी ग्राहकाच्या मोबाईल नंबराचा आग्रह धरू नका, तसं करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ही बातमी कापून पाकिटात ठेवणारे एक काका प्रत्येक रांगेत असतात.

‘‘नंबर कशाला हवा?’’

‘‘सिस्टीम मागते, काका.’’

‘‘सिस्टीमला सांग, केंद्र सरकारने मनाई केली आहे.’’

मागे अकरा ट्रॉल्या थांबलेल्या असतात. काका कलमांपर्यंत पोहोचतात. मुलगी स्क्रीनकडे बघत राहते, कारण पुढच्या रकान्यात जायचं तर हा रकाना भरावा लागतो आणि हा रकाना तिने बनवलेला नाही. शेवटी काका आवाज खाली आणतात. ‘‘बरं, हिचा घाल. पॉइंट हिच्याच नंबरावर आहेत.’’ आणि मग तो गोपनीय दहा आकडी नंबर इतक्या खणखणीत सांगितला जातो की डाळींच्या विभागातही ऐकू जावा. काही काउंटरवर मात्र नंबर नाकारणाऱ्याचं बिल विनातक्रार होतं. तिथे दिवसभर एकच नंबर चालतो. तो कोणाचा, हे विचारू नये. चांगला कॅशियर ओळखण्याची ही सगळ्यात सोपी खूण.

सुट्ट्यांचं प्रकरण जुनं आहे. बारकोड लावलेली पहिली वस्तू दुकानात स्कॅन झाली ती २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी. ती वस्तू होती च्युइंगमचं पाकीट, किंमत ६७ सेंट. तिकडे च्युइंगमने हिशेब पैशापर्यंत अचूक करण्याच्या युगाचा नारळ फोडला, आणि आपण त्याच जातीच्या मालाने तो हिशेब वर्षानुवर्षं बुडवला. दोन रुपये परत यायचे असले की दोन टॉफ्या यायच्या. ग्राहकाने कधी चार टॉफ्या देऊन काड्यापेटी मागितली, तर मात्र काउंटरवर अचानक रिझर्व्ह बँकेचे नियम लागू व्हायचे. खुद्द बँकेने जानेवारी २०१८ मध्ये निवेदन काढून सांगितलं की दहा रुपयांच्या नाण्याचे चौदाही प्रकार वैध आहेत. तरीही ‘हे नाणं इकडे चालत नाही’ असं सांगणारे अनेक काउंटर त्यानंतरही तग धरून होते. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपयाची आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध आहेत. म्हणजे गल्ला फोडून नऊशे रुपयांची चिल्लर किराण्याला नेण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. तो रविवारी संध्याकाळीच बजावणारे ग्राहकही आहेत, आणि ती चिल्लर मोजणारीचा चेहरा आंबट झाला की तो उर्मटपणा ठरतो.

नोटबंदीला जे जमलं नाही ते पुढे क्यूआर कोडने केलं : टॉफीचं चलन जवळपास बाद झालं. त्याच्या जागी आता ‘पैसे गेले, पण आले नाहीत’ हा नवा प्रकार आला आहे. ग्राहक फोनवरची हिरवी खूण दाखवतो, मुलगी मशीनकडे बोट दाखवते, मशीन रेंजची वाट बघतं. दोघेही खरं बोलत असतात.

पिशवीपायी तर निवाडे झाले. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि काउंटरवर कापडी-कागदी पिशव्यांना दाम आला. दुसऱ्या वर्षी चंदीगडच्या ग्राहक मंचाने तीन रुपयांच्या कागदी पिशवीपायी बाटा कंपनीला नऊ हजार रुपयांचा भुर्दंड बसवला. पिशवीवर जाहिरात कंपनीची आणि ती मिरवायचे पैसे गिऱ्हाइकाकडून, हे मंचाला पटलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने बिग बझारच्या प्रकरणात आणखी नेमकं सांगितलं : पिशवीचे पैसे लागतील हे ग्राहकाला खरेदीआधी कळायला हवं, सगळं निवडून काउंटरवर आल्यावर सांगणं गैर आहे. यातून दुकानांनी काय घेतलं? कोणी दाराशी पाटी लावली. बाकीच्यांनी काउंटरवरच्या मुलीला ‘पिशवी आहे का?’ हे वाक्य जरा लवकर म्हणायला शिकवलं.

आता ग्राहकाकडे वळायला हरकत नाही, कारण या प्रयोगातला अर्धा विनोद तोच पुरवतो. हाच माणूस कोपऱ्यावरच्या वाण्यासमोर किती नरम असायचा! वाणी दुपारी झोपायचा, तेलाला ‘उद्या या’ म्हणायचा, तांदळात खडे निघाले तर ‘निवडून घ्या’ सांगायचा. कोणी तोंड वर करून बोलत नसे, कारण त्याच्या गल्ल्याखाली उधारीची वही होती आणि तिच्यात अर्ध्या चाळीची अब्रू लिहिलेली होती. मॉलमधल्या मुलीकडे वही नाही. मग ‘ए मुली’, ‘चल पटकन’, ‘मॅनेजरला बोलव’ ही भाषा तिच्या वाट्याला येते. वाण्याला ‘शेठ’ म्हणणारी जीभ तिला ‘ताई’ म्हणताना अडखळते.

शिवाय ग्राहकाचे स्वतःचे खेळ असतात. ट्रॉली रांगेत उभी करून ‘जिरं राहिलं’ म्हणत गेलेला माणूस जिरं, मोहरी, फिनाईल आणि शेजारीण घेऊन परततो. कांदे-बटाटे वजन न करता, स्टिकर न लावता थेट काउंटरवर येतात, आणि ‘वजन करून आणा’ म्हटलं की आधी सांगायला काय झालं होतं, असा जाब विचारला जातो. हे लिहिलेला बोर्ड भाजीच्या वरच टांगलेला असतो. दहा वस्तूंच्या काउंटरवर सत्तावीस वस्तू आणणाऱ्याचा युक्तिवाद असा की साबणाच्या सहा वड्या ही एकच वस्तू. त्याला तिथून परत पाठवणारी मुलगी वाईट की चांगली? उत्तर त्याच्या मागे कोण उभं आहे त्यावर अवलंबून.

या सगळ्यावर मराठी माणसाने एकदा मूळ उपाय शोधला होता. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने काउंटरच काढून टाकला. शेजारपाजारच्या कुटुंबांचा संघ करायचा, महिन्याची यादी द्यायची, माल घाऊक यायचा आणि सभासदांनीच तो आपसांत वाटून घ्यायचा. उर्मट विक्रेत्याची तक्रार करायची तर ती शेजारच्या वहिनींविरुद्ध करावी लागे. त्यामुळे ती कोणी करत नसे.

नेदरलँड्समध्ये वेगळाच शोध लागला. जम्बो या सुपरमार्केट साखळीने २०१९ मध्ये फ्लाइमेन गावच्या दुकानात गप्पांचा काउंटर उघडला : घाई नसलेल्या, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी यावं, कॅशियरशी चार शब्द बोलावेत, सावकाश पैसे द्यावेत. एकाकीपणाविरुद्धच्या तिथल्या सरकारी मोहिमेचा तो भाग होता आणि पुढे असे दोनशे काउंटर करण्याचं कंपनीने जाहीर केलं. आपल्याकडे ही सोय कुठलीही घोषणा न करता प्रत्येक काउंटरवर आहे. नातवाची बारावी, गुडघ्याचं ऑपरेशन, तूरडाळीचा भाव, सगळं तिथे निघतं. फरक एवढाच की तिकडे गप्पा मारणाऱ्यांची रांग निराळी ठेवतात. आणि खरं सांगायचं तर काउंटरवरची चांगली माणसं इथेच दिसतात. ‘‘आजी, हेच मोठ्या पाकिटात स्वस्त पडेल, बदलून आणू का?’’ हे पाचवं वाक्य कुठल्याच कंपनीने शिकवलेलं नसतं.

मुलगी हसत का नाही, याची चर्चा करणारे तिच्या पायांकडे बघत नाहीत. अनेक काउंटरवर ती पूर्ण पाळी उभी असते. जर्मनीतले कॅशियर बसून काम करतात आणि त्यांचा वेग दंतकथेचा विषय आहे, म्हणजे बसल्याने हात मंदावतात हे खरं नाही. केरळात कापडदुकानांतल्या बायकांना साधं टेकायलाही मिळत नव्हतं. कोळिकोडच्या विजी पेनकूट, स्वतः शिवणकाम करणाऱ्या, त्यांनी या बायकांना एकत्र केलं आणि लढा उभारला. २०१८ मध्ये केरळ सरकारला दुकान कायद्यात बसण्याची तरतूद करावी लागली. २०२१ मध्ये तमिळनाडूने तसाच कायदा केला. १९४८ च्या कारखाना कायद्यात तर उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय लिहिलेली होती. त्या कायद्याच्या मसुद्यात मॉल नव्हता, कारण देशात मॉल नव्हता.

कॅशियर नकोच, असंही एका कंपनीने करून पाहिलं. ॲमेझॉनने जानेवारी २०१८ मध्ये सिॲटलमध्ये असं दुकान लोकांसाठी उघडलं : आत जा, वस्तू घ्या, चालू लागा, कॅमेरे हिशेब करतील. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने आपल्या अमेरिकेतल्या फ्रेश दुकानांतून ही यंत्रणा काढायचं ठरवलं. त्याच सुमारास बातम्या आल्या की या हिशेबांच्या तपासणीमागे भारतात बसलेली माणसं आहेत. कंपनीचं म्हणणं असं की ती माणसं यंत्राला शिकवतात आणि मोजकेच व्यवहार तपासतात. काहीही असो, अमेरिकेतल्या काउंटरवरून गेलेली नोकरी हजारो मैल फिरून आपल्याकडे आली, आणि निदान खुर्चीसकट आली.

तेव्हा वाचकहो, नंबर द्यायचा नसेल तर ‘नाही देत’ एवढंच म्हणा, कलमं तिला वाचून दाखवू नका. तक्रारच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे करा. काउंटरमागे खुर्ची दिसली नाही तर ती कुठे आहे हे मॅनेजरला विचारा, आणि ते मोठ्याने विचारा. एवढं करून घाई असेलच, तर कांद्याचं वजन आधी करून या.