पुढच्या डाव्या पाट्यातल्या सेंटर बोल्टास

श्री. रा. रा. सेंटर बोल्ट,
मुक्काम पुढचा डावा कमानपाटा, यू-बोल्टांच्या मधोमध, यांस,

स. न. वि. वि.

अखेर आपला पत्ता लागला. इतके महिने दोन तुकड्यांत विभागूनही आपण जागा सोडली नाहीत, या निष्ठेबद्दल आधी आपलं अभिनंदन. राजकारणात असतात तर नाव काढलं असतंत.

आपल्या कृपेने आमच्या म्हाताऱ्या एमएम ५४० जीपचं पुढचं डावं चाक हळूहळू मागे सरकत गेलं. रस्ता सरळ, स्टिअरिंग तिरकं. हात जरा सैल सोडला की गाडी आपली डावीकडच्या गटाराच्या ओढीने निघाली. ब्रेक दाबला की ओढ आणखी वाढायची. समोर उभं राहून पाहिलं तर दोन्ही चाकं सज्जन. बाजूने पाहिलं, तर उजव्या चाकामागे चार बोटं जागा आणि डाव्यामागे जेमतेम तीन.

आपण आत निवांत बसला होतात, बाहेर निरपराधांची धरपकड सुरू होती. पहिला आरोपी टायर. डावीकडचा उजवीकडे टाकला, ओढ तशीच. मग टाय रॉडचे एंड बदलले. जुने हलतही नव्हते, पण गाडी खोलली आहे तर काहीतरी बदललंच पाहिजे हा आपल्याकडचा रिवाज आहे. शॉकअप बदलले. ते बिचारे फक्त उसळी दाबतात, ॲक्सल पुढेमागे धरून ठेवणं हे त्यांचं कामच नाही. पण नवा शॉकअप दिसतो छान, त्यामुळे बिलही छान दिसतं.

मग अलाइनमेंट. तिथे मोठा पडदा, रंगीत आकडे, सगळं हिरवं. ‘साहेब, गाडी परफेक्ट आहे.’ आणि गंमत अशी की ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी पाहिला टो, म्हणजे दोन चाकांची तोंडं एकमेकांकडे किती वळली आहेत ते. आमच्या गाडीत आडवा, सलग ॲक्सल, आणि टाय रॉड त्याच ॲक्सलच्या दोन टोकांना जोडलेला. अख्खा ॲक्सल चासीखाली तिरका झाला तरी टाय रॉड त्याच्याबरोबरच तिरका होतो, आणि टो जसाच्या तसा राहतो. आपण निवडलेली लपायची जागा किती अभ्यासपूर्ण होती, हे तेव्हा कळलं.

एका जाणत्याने तर थेट निकाल दिला: ‘चासी वाकलीय, गाडी विकून टाका.’ मडगार्ड आणि चाक यांच्यामधल्या जागेवरून त्यांनी हे ओळखलं. आता आमचं मडगार्ड इतक्या वेळा ठोकून सरळ केलंय आणि त्याखालची रबरं इतकी बसलीत, की त्याची साक्ष कुठलंही कोर्ट मानणार नाही. माप घ्यायचं ते चासीपासून, पत्र्यापासून नाही. पण पत्रा डोळ्यांसमोर असतो आणि चासीखाली चिखलात लोळावं लागतं, हा फरक आहेच.

शेवटी आपल्याला पकडलं ते गवंड्याच्या ओळंब्याने. गाडी सपाट फरशीवर, स्टिअरिंग सरळ, दोनदा पुढेमागे ढकलून पाटे नीट बसू दिले. या जीपच्या घराण्यात पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो आणि मागचं टोक चासीला पिनेने पक्कं. म्हणून त्या पक्क्या पिनेवरून ओळंबा सोडला, फरशीवर खडूची खूण केली. ॲक्सलच्या नळीच्या मध्यावरूनही तसंच केलं. दोन खुणांमधलं अंतर डावीकडे उजवीकडच्यापेक्षा १२ मिलिमीटर कमी. मागच्या ॲक्सलला दोन्ही बाजू सारख्या. चासीवरच्या पिनांचे कर्णही सारखे. म्हणजे चासी निर्दोष, मागचा ॲक्सल निर्दोष. पिनेचं बुश सब्बल लावून हलवून पाहिलं, घट्ट. मुख्य पाट्याला तडा नाही. उरलात आपण.

१२ मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं आपण म्हणाल. पण पाटे आत असतात आणि चाकं त्यांच्या बाहेर. पाट्यावर सरकलं त्याहून चाकावर जास्त दिसतं.

यू-बोल्ट सोडले आणि आपले दोन तुकडे तळहातावर आले. तुटलेल्या तोंडाचा बहुतेक भाग काळपट तपकिरी, गंजलेला, त्यावर किनाऱ्यावरच्या लाटांच्या खुणांसारख्या बारीक वळणदार रेघा. कडेला नखाएवढी कोर मात्र लख्ख. म्हणजे आपण खड्ड्यात एका दणक्याने गेला नाहीत. रोज थोडे थोडे चिरत होतात, आणि शेवटची कोर तेवढी एकदम तुटली. ॲक्सलच्या बैठकीतलं जे गोल भोक आपल्या डोक्यासाठी असतं, ते घासून लांबट झालं होतं. आजूबाजूला लाल भुकटी. इतका पुरावा मागे ठेवणारा गुन्हेगार एकतर नवशिका असतो किंवा त्याला पक्की खात्री असते की इथे कोणी बघणार नाही. आपली खात्री बरीच बरोबर निघाली.

आता आपल्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. भार सोसणं हे आपलं काम नव्हतंच. पाटे एका ओळीत ठेवायचे आणि डोकं भोकात बसवून ॲक्सलची जागा दाखवायची, एवढीच आपली नेमणूक. ॲक्सल पाट्याला जखडून धरायचा तो यू-बोल्टांनी, आवळलेल्या पकडीच्या जोरावर. ते ढिले पडले आणि प्रत्येक ब्रेकचा, प्रत्येक खड्ड्याचा धक्का आपल्या मानेवर आला. नवे पाटे बसवले की शे-दोनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, कारण पाटे दबून बसतात. ज्या गॅरेजने पाटे बसवले त्यांनी ‘परत आणा’ असं म्हटलं नाही. म्हणजे ते आपले साथीदार, आणि ते अजून मोकळेच फिरताहेत.

आपल्या जागी नवा बोल्ट आला आहे. बैठकीतलं भोक आधी भरून पुन्हा गोल करून घेतलं, पाटे शेगड्यात दाबून तो ओवला, डोकं भोकात बसल्याचं बोट लावून पाहिलं. यू-बोल्टही नवेच घातले. एकदा ताणलेल्यांवर आता विश्वास नाही. गाडी जॅकवरून उतरवली, वजन पाट्यांवर आलं, मग आळीपाळीने चारही नट आवळले. या सगळ्यात सर्वांत स्वस्त वस्तू आपणच होतात, हे सांगताना वाईट वाटतं. बदललेल्या एका शॉकअपच्या पैशांत आपली अख्खी भावकी आली असती.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
ओळंबेधारी

ता. क. उजव्या पाट्यातले आपले बंधू अजून अखंड असल्याचं सांगतात. रविवारी त्यांचीही झडती आहे. निरोप पोचवू नये.